रेघ कुठून ओढायची?

बीड जिल्ह्यात खरीप निघण्याच्या सुमाराला गावागावांतून एका शब्दाची चर्चा सुरू होते. तो शब्द आहे ‘उंबरठा’. हा उंबरठा घराचा नव्हे, पीकविम्याचा. मंडळाचे सरासरी उत्पन्न या उंबरठ्याच्या खाली गेले तर भरपाई. किलोभर जरी वर राहिले तरी हात हलवीत परत. हा उंबरठा कोण ठरवतो आणि कसा ठरवतो, हे मात्र ज्याच्या नशिबाचा निकाल त्यावर लागतो त्या शेतकऱ्याला क्वचितच सांगितले जाते.

या प्रश्नाला आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे. २०२३ च्या खरिपात सुरू झालेली एक रुपयातील पीकविमा योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपासाठी दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के असा झाला. त्याच निर्णयात पेरणीच न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान यांसाठी वेगळी भरपाई देण्याच्या तरतुदी राज्याने वगळल्या. भरपाईचा सारा भार पीक कापणी प्रयोगावर आला. आणि योगायोग असा की, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, सिंदफणा आणि गोदावरीकाठची शेते पाण्याखाली गेली.

तेव्हापासून पीक कापणी प्रयोग नीट होतात की नाही यावर पुष्कळ बोलले गेले. प्रयोगाच्या दिवशी शेतकऱ्याला बोलावले होते का, वजनकाटा बरोबर होता का, कागदावरच प्रयोग उरकला का, हे सारे प्रश्न रास्तच आहेत. पण वजन अगदी ग्रॅमपर्यंत बरोबर घेतले तरी एक प्रश्न उरतो. ते वजन कशाशी ताडायचे? गेल्या पाच वर्षांच्या सरासरीशी, सातांच्या, की दहांच्या? त्यातली दुष्काळाची वर्षे धरायची की सोडायची? मोजमापे खरी असूनही निष्कर्ष खोटा निघू शकतो, तो याच ठिकाणी. शास्त्रज्ञांना हा प्रश्न जुना आहे. आपल्याकडे तो शेतकऱ्याच्या ताटाशी येऊन ठेपला आहे.

शाळेतली स्प्रिंग

वाचकांपैकी अनेकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगचा प्रयोग केला असेल. स्प्रिंगला वजने टांगायची, ती किती लांबते ते मोजायचे आणि आलेख कागदावर ठिपके मांडायचे. पन्नास ग्रॅम, शंभर, दीडशे असे पुढे गेले की ठिपके एका सरळ रेषेत येतात. पण खोडकर मुले वजने टाकीतच राहतात. मग स्प्रिंग ताणून ढिली पडते, ठिपके रेषा सोडून भलतीकडे जातात.

आता सर सांगतात, ‘या ठिपक्यांतून रेघ ओढा.’ सगळ्या ठिपक्यांतून ओढावी तर ती कोणत्याच ठिपक्यांशी नीट जुळत नाही. म्हणून शेवटचे ठिपके सोडायचे. हे सोडणे चुकीचे नाही, कारण त्याला आलेखाबाहेरचे कारण आहे : स्प्रिंगची लवचिकता तिथे संपली. पण एखाद्या मुलाने मधलाच एक ठिपका ‘रेघेत बसत नाही’ एवढ्याच कारणाने खोडला, तर ती लबाडी झाली. तो ठिपका सोडायचा तर वजन चुकीचे टांगले होते किंवा मोजपट्टी सरकली होती, असे काही दाखवता आले पाहिजे.

या साध्या प्रयोगात सगळा नियम आला. मोजमापांचा कोणता पट्टा घ्यायचा हे ठरवण्याचे कारण त्या वस्तूच्या स्वभावात असावे लागते, आपल्याला हव्या असलेल्या उत्तरात नव्हे. शिवाय त्या पट्ट्यातून निघालेली रेघ पट्ट्याबाहेर लांबवायची नसते. शंभर ग्रॅमपर्यंत खरी असलेली रेघ पाच किलोला खरी राहीलच असे नाही.

शेतीतही हेच दिसते. खताची मात्रा आणि पिकाचे उत्पादन यांचा आलेख आधी चढतो, मग सपाट होतो आणि पुढे चक्क उतरतो. ज्याने फक्त चढाचा पट्टा पाहिला तो म्हणेल, ‘दुप्पट पोती टाका, दुप्पट कापूस वेचा.’ बियाण्यांचेही तसेच. बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. पहिल्या काही वर्षांत उत्पादकता वाढली. त्या वर्षांवरून पुढची रेघ आखणाऱ्यांना वाटले की आता चढतीच कमान. प्रत्यक्षात वाढ थबकली आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांची दाणादाण उडवली. बियाणे तेच होते. पण कीड बदलली होती. जुन्या पट्ट्यावरची रेघ नव्या परिस्थितीत लागू राहिली नाही.

सात ठिपके आणि सात प्राण

पट्टा निवडण्यातली चूक किती महागात पडू शकते याचे दाहक उदाहरण अमेरिकेतले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. ख्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळाशिक्षिका त्यांत होती. रॉकेटच्या सांध्यांमधल्या रबरी कड्या थंडीत कडक झाल्या आणि त्यांतून तप्त वायू बाहेर पडला, हे पुढे चौकशीत सिद्ध झाले.

विशेष म्हणजे आदल्या रात्री अभियंत्यांची याच कड्यांवरून दीर्घ चर्चा झाली होती. थंडीचा आणि कड्यांच्या इजेचा काही संबंध दिसतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी ज्या उड्डाणांत इजा झाली होती तेवढ्याच उड्डाणांचे तापमान पाहिले. त्या सात ठिपक्यांत काही संगती दिसेना, कारण थंड दिवशीही इजा होती आणि एका उबदार दिवशीही होती. उड्डाणाला अखेर हिरवा कंदील मिळाला.

चौकशी आयोगाने मग इजा न झालेली उड्डाणेही त्याच कागदावर मांडली आणि चित्र पालटले. सांध्याचे तापमान ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १९ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक असताना वीस उड्डाणांपैकी केवळ तिघांत इजा झाली होती. ६३ अंश फॅरनहाइट किंवा त्याखाली झालेल्या चारही उड्डाणांत मात्र इजा होती. आणि त्या अभागी सकाळी हवेचे तापमान होते ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सियसमध्ये जेमतेम दोन अंश! ज्या थंडीचा अनुभव आधीच्या एकाही उड्डाणाला नव्हता, त्या थंडीत यान सोडले गेले. आकडे खोटे नव्हते. अर्धे आकडे टेबलावर नव्हते.

सुखात्मे यांची चौकट

आपल्याकडेही या प्रश्नाशी झुंजलेला एक मोठा मराठी माणूस होऊन गेला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे पुढे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ झाले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्याआधी, १९४० च्या दशकात, दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय बैठक घातली. तोवर पिकाचा अंदाज आणेवारीने होई. पाहणाऱ्याने नजर टाकायची आणि पीक रुपयात इतके आणे असे ठरवायचे. सुखात्मे आणि विनायक पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी चिठ्ठी काढावी तशी शेते निवडण्याची पद्धत रुजवली.

त्या काळात कापणीसाठी चौकट केवढी घ्यावी यावर मोठा वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस अगदी लहान चौकटी वापरत. सुखात्मे यांनी दाखवून दिले की चौकट फार लहान असली की उत्पन्न फुगून दिसते. कारण साधे आहे. चौकटीच्या कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. लहान चौकटीत कडच जास्त, म्हणून चूकही जास्त.

आज महाराष्ट्रात साधारणपणे दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा तुकडा कापला जातो. हा हेक्टरचा दोनशेवा भाग. म्हणजे या तुकड्यात शंभर ग्रॅम धान्य जास्त मोजले गेले तर हिशेबात हेक्टरी वीस किलो वाढतात. महसूल मंडळात एका पिकाचे असे दहा-बारा प्रयोग होतात आणि त्यांच्या सरासरीवर मंडळातल्या हजारो कुटुंबांचा निकाल लागतो. सुखात्मे यांनी जागेतली चौकट किती महत्त्वाची हे सांगितले. आपल्याला आज काळातली चौकट पाहायची आहे.

पाच, सात, की सातांतली पाच?

पीकविम्याचा इतिहास म्हणजे या काळाच्या चौकटीचाच इतिहास आहे. १९९९ च्या रब्बीपासून आलेल्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेत भात आणि गहू यांना मागील तीन वर्षांची, इतर पिकांना मागील पाच वर्षांची सरासरी धरत. त्यात दुष्काळाची वर्षेही येत. २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीकविमा योजना आली तेव्हा सात वर्षे धरून त्यातली जास्तीत जास्त दोन जाहीर आपत्तीची वर्षे वगळण्याची सोय झाली. पुढे हा नियम सातांपैकी सर्वाधिक उत्पन्नाच्या पाच वर्षांची सरासरी असा झाला. या सरासरीला जोखीमस्तराने, महाराष्ट्रात सत्तर टक्क्यांनी, गुणले की उंबरठा उत्पन्न मिळते.

या फरकाने काय होते ते एका काल्पनिक मंडळावरून पाहू. समजा, तिथे सोयाबीनचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न किलोत असे आहे : १२००, ११००, ४००, ११५०, ३००, ५००, १०५०. बीडच्या शेतकऱ्याला हा चढउतार अनोळखी वाटणार नाही. यंदा मंडळाची सरासरी आली ५६० किलो. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी पन्नास हजार रुपये धरू.

शेवटच्या पाच वर्षांची सरासरी ६८० किलो, तिचे सत्तर टक्के ४७६. यंदाचे ५६० त्याहून जास्त, म्हणून भरपाई शून्य. सातही वर्षांची सरासरी ८१४, उंबरठा ५७०. तूट दहा किलोंची, भरपाई सुमारे ८७७ रुपये. सातांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी १०००, उंबरठा ७००. तूट १४० किलोंची, म्हणजे वीस टक्के, आणि भरपाई दहा हजार रुपये.

शेत तेच, पाऊस तोच, कापणारे हात तेच आणि वजनही तेच. फक्त वर्षांची निवड बदलली आणि शून्याचे दहा हजार झाले. ज्या गोष्टीवरून एवढा फरक पडतो ती गोष्ट ग्रामसभेत कधी चर्चेला येते काय?

तिसरा नियम शेतकऱ्याच्या बाजूचा आहे हे खरे. पण तोही बीडसारख्या जिल्ह्याला पुरत नाही. आपल्या त्याच मंडळात यंदाच्या ५६० नंतर पुढच्या वर्षी ४५० किलो आले असे धरू. चौकट दोन घरे पुढे सरकते. १२०० आणि ११०० ही चांगली वर्षे मागून गळतात, ५६० आणि ४५० पुढून आत येतात. आता उत्तम पाचांतही ५६०, ५०० आणि ४५० घ्यावे लागतात, कारण दुसरी वर्षेच उरलेली नाहीत! सरासरी येते ७४२ आणि उंबरठा ५१९. तिसऱ्या वर्षी ५३० किलो पिकले तर भरपाई मिळणार नाही, जरी त्याच जमिनीने एकेकाळी अकराशे-बाराशे किलो दिले असले तरी.

या सगळ्याचा मथितार्थ असा की, दुष्काळ एखाद्या वर्षी आला तर तो आपत्ती ठरतो. पण पुन:पुन्हा आला की तोच सरासरी बनतो. ज्या भागाला विम्याची सर्वांत जास्त गरज, त्याच भागाचा उंबरठा हळूहळू खाली घसरतो. कोणीही लबाडी न करता, केवळ सरकत्या चौकटीमुळे हा अन्याय होतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा पर्जन्यछायेचा पट्टा असो की धारूर-केजचा डोंगराळ भाग, २०१२, २०१४, २०१५, २०१८ अशी लागोपाठची दुष्काळी वर्षे ज्यांनी काढली त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

दोन प्रश्न, दोन चौकटी

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. वाईट वर्षे वगळून चांगलीच वर्षे मोजणे हीसुद्धा हवे ते ठिपके निवडण्याचीच युक्ती नव्हे काय? मघाच्या स्प्रिंगवाल्या मुलाला लबाड म्हणायचे आणि शेतकऱ्याला मात्र सवलत द्यायची, हा कुठला न्याय?

उत्तर असे की, आधी प्रश्न काय विचारला आहे ते पाहिले पाहिजे. ‘या जमिनीत सर्वसाधारण बऱ्या वर्षी किती पिकते?’ हा एक प्रश्न. त्याचे उत्तर काढताना आपत्तीची वर्षे बाजूला ठेवणे योग्यच, कारण आपत्तीपासून संरक्षण मिळावे म्हणून तर विमा आहे. तापाचा रोगी तपासताना डॉक्टर त्याचे नेहमीचे तापमान मागच्या तापाच्या दिवसांवरून ठरवीत नाहीत. ‘या जिल्ह्यात किती वर्षांतून किती वेळा नुकसान होते?’ हा दुसरा प्रश्न. विमा हप्ता किती असावा हे ठरवताना तो विचारावा लागतो आणि तिथे वाईट वर्षांतले एकही सोडून चालणार नाही. ते सोडले तर हप्ता कमी निघेल आणि योजना बुडेल. आकड्यांची वही एकच, पण दोन प्रश्नांना दोन निरनिराळ्या चौकटी लागतात. ही गल्लत झाली की भांडणे सुरू होतात.

बीड जिल्ह्याने हे भांडण पाहिले आहे. २०२० च्या खरिपात जिल्ह्याच्या विम्यासाठी निविदा निघाल्या तेव्हा कंपन्या पुढे आल्या नाहीत. मागच्या काही वर्षांतील भरपाईचे आकडे पाहून त्यांनी जिल्हा तोट्याचा ठरवला होता. अखेर राज्य सरकारच्या आग्रहावरून भारतीय कृषी विमा कंपनीने जबाबदारी घेतली आणि ‘बीड पॅटर्न’ जन्माला आला. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा राज्याने उचलायचा. भरपाई कमी झाली तर कंपनीने हप्त्याच्या फार तर वीस टक्के स्वत:कडे ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत द्यायची. त्या हंगामात भरपाई हप्त्याच्या मानाने फारच थोडी निघाली. २०२२ मध्ये हाच नमुना राज्यभर लागू झाला.

कंपन्यांनी थोड्या वाईट वर्षांवरून रेघ ओढली आणि त्यांचा अंदाज फसला. पण म्हणून बीडमध्ये विमा हा फायद्याचाच धंदा आहे असे एका २०२० वरून ठरवणे हीही तीच चूक, फक्त उलट्या दिशेची. एका ठिपक्यातून कोणतीही रेघ जाऊ शकते.

पावसाची सरासरी कोणती?

पिकाचे जे, तेच पावसाचे. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी परतीच्या पावसाने धरण भरले. २०२१ च्या सप्टेंबरात त्याचे दरवाजे उघडावे लागून काठच्या गावांत पाणी शिरले. आता कोणी २०१० च्या चांगल्या पावसापासून २०१५ पर्यंत रेघ ओढली तर ती खाली जाईल आणि मराठवाड्याचे वाळवंट होणार असा मथळा छापता येईल. कोणी २०१५ पासून २०२१ पर्यंत ओढली तर ती वर जाईल आणि जलसंधारणाच्या कोणत्याही योजनेचा गौरव करता येईल. दोन्ही रेघांतले आकडे खरे. पण एक रेघ शिखरावरून सुरू होते, दुसरी दरीतून. पाच-सहा वर्षांच्या पावसावरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे दोघांनाही सांगायला हवे. १९७२ चा दुष्काळ ज्या रेघेत नाही ती रेघ मराठवाड्याच्या पावसाबद्दल फार काही सांगू शकत नाही.

हवामान खात्याची ‘सरासरी’सुद्धा दगडावरची रेघ नाही. देशाच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाची सरासरी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांवरून ८९ सेंटिमीटर होती. १९६१ ते २०१० वरून ती ८८ झाली आणि २०२२ पासून १९७१ ते २०२० या काळावरून ८७ धरली जाते. दर दहा वर्षांनी काळ पुढे सरकवणे ही जगभरची रीत आहे आणि खाते ती उघडपणे जाहीर करून पाळते. त्यात लपवाछपवी नाही. पण परिणाम पाहा. सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पावसाला ‘सर्वसाधारण’ म्हणतात. देशात ८४ सेंटिमीटर पाऊस झाला तर जुन्या ८९ च्या हिशेबाने तो ९४ टक्के, म्हणजे सर्वसाधारणपेक्षा कमी. नव्या ८७ च्या हिशेबाने तोच ९६ टक्क्यांच्या वर, म्हणजे सर्वसाधारण! ढगांना याचा पत्ताही नसतो.

विहिरींच्या पाणीपातळीचे तर चौकट आणखी लहान. भूजल सर्वेक्षण यंत्रणा यंदाची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. टंचाईच्या तातडीच्या नियोजनाला हे ठीक आहे. पण मागची पाचही वर्षे उपशाची असतील तर ‘पातळी सरासरीपेक्षा अर्ध्या मीटरने वाढली’ या वाक्याने समाधान मानता येत नाही. विहीर वीस वर्षांपूर्वी कुठे होती, हेही विचारावे लागते.

काय करता येईल?

सरासरी आणि आलेख यांना टाळून राज्यकारभार चालणार नाही. प्रत्येक शेतात जाऊन न्याय करणे अशक्य आहे, म्हणून तर सुखात्मे यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचून या पद्धती उभारल्या. प्रश्न पद्धत मोडण्याचा नाही, ती उघड करण्याचा आहे.

पहिली गोष्ट, चौकट आधी ठरावी, निकाल पाहून नव्हे. विम्यात हे कागदोपत्री होतेच, पण ते गावापर्यंत पोचत नाही. पेरणीच्या आधीच प्रत्येक मंडळाची सात वर्षांची उत्पन्ने, त्यातली धरलेली पाच वर्षे आणि त्यावरून निघालेला उंबरठा ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागायला हवा. पाच आकड्यांची बेरीज करून पाचाने भागणे चौथीच्या मुलालाही येते. त्याच्या आजोबांना तो हिशेब समजावून सांगेल.

दुसरी गोष्ट, लागोपाठच्या दुष्काळाने उंबरठा अमर्याद खाली घसरू नये यासाठी त्याला तळ असावा. सात वर्षांऐवजी दहा-बारा वर्षे पाहून त्यातली उत्तम पाच-सहा घेणे, किंवा त्या जमिनीच्या प्रतीला आणि पिकाला कृषी विद्यापीठाच्या नोंदींवरून एक किमान उत्पन्न ठरवणे, असे मार्ग आहेत. त्याने हप्ता वाढेल हे मान्य केले पाहिजे. तो कोणी भरायचा हा राजकीय निर्णय आहे. पण तो निर्णय उघड्यावर व्हावा, सरासरीच्या आड लपून नव्हे.

तिसरी गोष्ट मोजण्याची रीत बदलताना घ्यायच्या काळजीची. उत्पन्नाच्या अंदाजात उपग्रहाच्या माहितीला काही वजन देण्याची पद्धत भात आणि गव्हासाठी २०२३ पासून, सोयाबीनसाठी २०२४ पासून सुरू झाली. त्याने कागदी प्रयोगांना आळा बसेल ही अपेक्षा रास्त आहे. पण मागची सात वर्षे कोयत्याने मोजलेली आणि यंदाचे वर्ष अंशत: आकाशातून मोजलेले असेल, तर दोन मोजपट्ट्या एका रेघेत आल्या. काही वर्षे एकाच शेताची मोजणी दोन्ही रीतींनी करून त्यांतला फरक जाहीर करणे हाच त्यावरचा सरळ उपाय.

आणि चौथी गोष्ट आपल्या सर्वांच्या हातातली. वर्तमानपत्रात, सभेत किंवा सरकारी अहवालात चढती वा उतरती रेघ दिसली की तीन प्रश्न विचारावेत. ही रेघ कोणत्या वर्षापासून सुरू केली आणि त्याच वर्षापासून का? कोणते आकडे गाळले आणि कोणत्या कारणाने? सुरुवातीचे किंवा शेवटचे एक वर्ष मागेपुढे केले तर रेघ अशीच राहते का? जी रेघ एका वर्षाच्या धक्क्याने उलटी होते, तिच्यावर घरखर्चाचा बेतही आखू नये, मग जिल्ह्याचे धोरण तर दूरच.

बीडच्या शेतकऱ्याला दयेचे आकडे नकोत आणि फुगवलेलेही नकोत. त्याच्या जमिनीने बऱ्या दिवसांत किती दिले होते हे कुणीतरी लक्षात ठेवावे, एवढीच त्याची मागणी आहे. पाच-सात वर्षे भोगलेली टंचाई हेच त्याचे ‘सर्वसाधारण’ असे जो हिशेब ठरवतो, तो हिशेब गणिताने बरोबर असला तरी न्यायाने चूक आहे.